एका फेरीची पोरगी

घरात लग्नकार्य निघालं, पाव्हणेमंडळी जमली, की कुणीतरी हमखास विचारतं, "सुभेदार, फौजेतनं रिटायर झाल्यावर काय करत होता म्हणं?"

मी सांगतो, "सायकल धरत होतो."

"म्हंजे रिपेरी?"

"रिपेरीबी करायचो. पण मुख्य काम धरायचं."

पाव्हणा मग हळूच बायकोकडं बघतो. माणूस बरा आहे ना, अशा नजरेनं. ती हसून म्हणते, "खरंच ओ. ह्यास्नी सायकल धरायला इमानानं परदेशात न्यायचे. माझी सायकल एकदा धरली न्हाई, म्हणून मला अजून चालवाय येत न्हाई."

यंदा संपादकबाईंचा फोन आला, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण कुणालाही कळेल असं लिहा. मी म्हटलं, बाई, ह्यात कळायला अवघड काही नाही, फक्त आजवर कुणी पुरतं ऐकून घेतलेलं नाही. तर आता ऐका.

मी कडेगाव तालुक्यातला, ऊसवाल्या घरातला. आमच्याकडं घरटी एक फौजी असतो, आमच्या घरातनं मी गेलो. वर्कशॉपला होतो, तिथंच सायकलच्या टीमशी गाठ पडली. ट्रॅकवरची सायकल ही अजब चीज आहे. ब्रेक नाही. गिअर एकच. पायडल चाकाला पक्कं बांधलेलं, चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. थांबवायला गेलात तर सायकल तुम्हाला सीटवरनं उचलून टाकते. ट्रॅक लाकडी फळ्यांचा, वळणावर भिंतीसारखा वर चढलेला. जत्रेतला मौत का कुआँ बघितलाय ना, त्याचा हा जरा सभ्य थोरला भाऊ. फौजेतनं सुटलो तसं मला मुलींच्या टीमवर मेकॅनिक म्हणून घेतलं, आणि मेकॅनिकलाच शर्यतीच्या सुरुवातीला मुलगी धरून उभं राहावं लागतं.

धरायचं ते असं. मुलीचे दोन्ही बूट पायडलला अडकवलेले असतात, पाय जमिनीला टेकत नाहीत. मागनं कुणी सीट धरली नाही तर ती आडवीच. घड्याळ उलटं मोजत येतं, शेवटी टूं टूं वाजतं, आणि शेवटच्या आवाजाला ती सुटते. माझ्या हातानं तिला बोटभर जरी पुढं ढकललं तर गुन्हा, आणि ओढून धरलं तर शर्यत तिथंच मेली. नवा माणूस हात काढायला बघतो. हात काढायचा नसतो, उघडायचा असतो. हे मला जमायला लय दिवस लागले, पण जमलं ते असं जमलं की परदेशी टीमवाले मुद्दाम बघायला थांबायचे. उगीच नम्रपणा कशाला करू?

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. ज्या मुलींना वर्षानुवर्षं धरलं, त्यांचे चेहरे शर्यतीत मला कधी दिसले नाहीत. पाठी मात्र सगळ्या ओळखतो. कोण भ्यालंय, कोण आईशी फोनवर भांडून आलंय, पाठीवरनं सांगेन.

लोक गमतीदार भेटतात. एका स्पर्धेच्या आधी खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, मग मी पाने, हातोड्या, पंप सगळं धुऊन मांडलं, सायकलींना हळदकुंकू लावलं. मुलींनीही हौसेनं बोटं टेकवली. दुसऱ्या दिवशी तपासणीला गोरा पंच आला, काटेकोर माणूस. सायकल मापाच्या चौकटीत घातली, वाकून बघितलं, आणि दचकून उठला. पायडलच्या दांड्यावर लाल डाग. कोणाला लागलं? डॉक्टर कुठाय? मी माझ्या फौजी इंग्रजीत सांगितलं, ब्लड नाही साहेब, हे देवाचं आहे. त्यानं ते रुमालानं पुसलं, रुमाल हुंगून बघितला आणि पुढच्या सायकलीकडं गेला. तिच्यावर झेंडूची पाकळी होती. ती त्यानं काढून स्वतःच्या खिशात ठेवली. का ठेवली, देव जाणे.

पण मला सांगायचंय ते काजलचं.

दिवाळी झाली की आटपाडीकडनं, त्या सगळ्या कोरड्या मुलखातनं, मेंढरांचे कळप आमच्या काळ्या रानात उतरतात. ऊस तुटलेल्या, मोकळ्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतो. रानाला खत, मेंढरांना पाला. आमच्या रानात माझ्या वडिलांपासून एकाच घरचा कळप बसतो. त्याचा धनी बिरूआण्णा. काजल त्यांची धाकटी. घोड्यावर बिऱ्हाड आणि ही पोरगी मागनं, कुणाची तरी मोडकी मोठी सायकल घेऊन, सीटवरनं पाय पुरत नाहीत म्हणून नळीखालनं पाय घालून हाणतेय. मी सुट्टीवर आलो होतो. आमच्या बांधापासनं पाणंदीपर्यंतचा चढ ती पायडलवर उभी राहून अशी उसळून चढली, की मी चहा खाली ठेवला. मी बिरूआण्णांना म्हटलं, पोरगी माझ्याकडं द्या. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "तुमच्या शबुदावर देतो. ती कमी पडली तर तिला बोलू नगा, मला बोला."

क्रीडा प्रबोधिनी, राष्ट्रीय शिबिर, असं करत पोरगी टीम स्प्रिंटला आली, आणि पहिल्या जागेवर बसली. आता ही शर्यत काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तीन मुली, तीन फेऱ्या. तिघी एकदम सुटतात आणि एकीमागं एक लागतात. पुढची वारा खाते, मागच्या तिच्या आडोशाला राहून दम राखतात. पहिली फेरी संपली की पहिलीनं बाजूला होऊन ट्रॅकच्या वरच्या अंगाला निघून जायचं. तिचं काम संपलं. दुसरी फेरी दुसरीनं ओढायची आणि तीही वर. तिसरी फेरी तिसरी एकटी मारते, आणि वेळ धरतात ती तिसरीची. पहिलीचं काम सगळ्यात हिसक्याचं, उभ्या जागेवरनं सायकल वेगात न्यायची. तिच्या अंगातलं सगळं त्या एका फेरीत निघून जातं. बाजूला व्हायचं तेही कुठंही नाही. रेघेच्या थोडं अलीकडं, थोडं पलीकडं, तेवढ्याच टप्प्यात. लवकर झालात तरी बाद, उशीर केलात तरी बाद.

आमची दुसरी होती थोई, मणिपूरची, बोलायला मोजकी. तिसरी पंजाबची हरप्रीत. पहिलीला मशीनच्या गेटात लावतात, गेट तिचं मागचं चाक धरतं आणि सोडतं. म्हणून मी थोईला धरायचो, आणि पुढं गेटात काजलची पाठ बघायचो.

पहिली मोठी स्पर्धा आशियाई. आम्ही ब्राँझच्या लढतीपर्यंत गेलो आणि थोडक्यात हरलो. चौथे. मला अभिमान वाटला. पण काजलच्या गावात मंदिरापुढं पडदा लावला होता, फोनवरची शर्यत पडद्यावर दाखवली होती. सगळं गाव बसलं होतं, पुढं बिरूआण्णा. गावानं काय बघितलं? आपली काजल सगळ्यांच्या पुढं सुसाट सुटली. एक फेरी झाली आणि ती वरच्या बाजूला जाऊन पायडल सैल मारत राहिली. बाकीच्या दोघी पळत राहिल्या, आणि भारत हरला. झालं! दमली, सोडून दिलं, पोरीमुळं गेलं.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. काजल जत्रेला घरी जाऊन आली तेव्हा गप्प होती एवढंच बघितलं. वाटलं, जत्रेत जेवण जास्त झालं असेल.

मग पुढच्या परदेशातल्या स्पर्धेत ते घडलं. पात्रता फेरी होती. टूं टूं झालं, मी हात उघडला, थोई गेली, मी मागं सरकून बघत उभा राहिलो. काजल अशी निघाली होती की माझ्या तोंडून शिवी आली, कौतुकाची. फेरी फिरून ती रेघेवर आली. आता वर जाईल. गेली नाही. कोचसाहेब ओरडले, "ऊपर! काजल, ऊपर!" ती दात खाऊन तशीच पुढं. मागं थोईला ब्रेक नाही, जागा नाही. तिचं चाक काजलच्या चाकाला घासता घासता वाचलं. अर्धं वळण गेल्यावर काजलचे पाय संपले आणि मगच ती वर गेली. पंचाचं लाल निशाण उठलं. टीम शेवटच्या नंबरावर. तीन मुलींची वर्षाची मेहनत त्या अर्ध्या वळणात गेली.

माझा पारा चढला होता. ती टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "काजे, रेघ दिसली न्हाई का तुला?"

"दिसली, काका."

"मग?"

"सरू वाटंना."

"सरू वाटंना? हा काय बैलगाडा हाय व्हय, मनात आलं तवा वळवला?"

तिनं टॉवेल काढला. डोळे कोरडे होते, म्हणूनच मला जास्त भ्या वाटलं. "गावात पडदा लावलाय आजबी. एक फेरी झाली की पोरं उठत्यात. म्हणत्यात, चला रं, काजलचं संपलं. मला एका फेरीची म्हणत्यात, काका. मला बघाय पाव्हणं आलंतं, तर त्येंच्यातली म्हातारी आण्णास्नी म्हणली, पोरगी अर्ध्यात सोडती, संसारबी अर्ध्यात सोडंल."

"आन आण्णा काय म्हणलं?"

"काय न्हाई. फोनवर मला इचारलं, बाय, तू मधीच का सोडतीस?"

 मला राग होता, पण तो आता तिच्यावर राहिला नाही, तिच्यावरनं सरकून दुसरीकडंच गेला. ती म्हणाली, मला तिसरीला घाला, शेवटपर्यंत तरी दिसेन. मी नाही म्हटलं. तिसरीला तीन फेऱ्यांचा दम लागतो. हिचे पाय सुटायसाठी जन्मले होते. हिला तिसरीला घालणं म्हणजे कुऱ्हाडीनं भाजी चिरणं.

थोई तिच्याशी बोलेना. कोचसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हरियाणाची एक मुलगी तयार आहे, काजलला दिल्लीत एक मौका, बस. दिल्लीत आशियातल्या टीमा यायच्या होत्या.

मी दिवाळीची सुट्टी दोन दिवस पुढं वाढवून घेतली आणि घरी आलो. कळप खाली उतरले होते. सकाळी आमच्या रानात गेलो तर बिरूआण्णा वाघूर आवरत होते. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. घोंगडी खांद्यावर, काठी बगलेत. मला बघून म्हणाले, "या सुभेदार. पोरीनं तुमचं नाव खराब केलं म्हणं."

"तिनं न्हाई. तुमच्या गावानं."

"ते कसं?"

मी समजावायला लागलो. समोरच ऊसवाहतूक चालू होती. भरलेली ट्रॉली रानातनं वर निघेना की दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडतात, तो ट्रॉलीला डांबरी रस्त्यावर काढून देतो आणि सुटून परत रानात येतो. कारखान्यावर कुणी त्या ट्रॅक्टरचं नाव विचारतं का? पण तो नसता तर ट्रॉली रानातच रुतली असती. मला वाटलं, काय फर्मास उदाहरण दिलं! बिरूआण्णा म्हणाले, "आवं, मला टॅक्टरातलं काय कळतंय?"

मग मी मोबाईलवर त्यांना आशियाई स्पर्धेची शर्यत दाखवली. ती चौथ्या नंबरची. मेंढरं भोवती ओरडतायत, ते उकिडवे बसलेत, मोबाईल दोन्ही हातांत. काजल वर गेली तिथं मी थांबवायचो आणि बोट ठेवायचो. ही मागची बघा. हिला आता वारा लागतोय. हिच्यात अजून दम आहे, का? तर आतापावतर काजलनं तिच्या वाटचा वारा खाल्ला. ते म्हणाले, परत लावा. परत लावलं. मग म्हणाले, ते दुसरं लावा, चुकली ते. ते लावलं. अर्ध्या वळणात काजल पुढं रेटत होती आणि थोईचं चाक तिच्या चाकाला भिडू बघत होतं. बिरूआण्णांनी मान वळवली.

"पूल नवता तवा आमी येरळंतनं कळप न्यायचो," ते म्हणाले. "मेंढरू पाण्याला लय भितं. कुणीतरी म्होरं हून पाण्यात शिराय लागतं. आमचा बा शिरायचा, म्होरक्या बोकड धरून. पाण्याचा सगळा रेटा त्यो अंगावर घ्यायचा. कळप पाण्यात उतरला की त्यो चटशिरी बाजूला व्हायचा. न्हाई झाला, तर मागची मेंढरं अंगावर येत्यात. मानूसबी जातो आन मेंढरंबी."

 असल्या वेळी मध्ये बोलू नये एवढी अक्कल फौजेनं दिली आहे.

"मंजी पोरगी सोडत न्हाई," ते म्हणाले. "वाट देती."

"व्हय, आण्णा."

"आन त्या दिशी वाट द्यायला तिनं उशीर केला."

"व्हय."

"मग चुकली. माझ्या इचारण्यानं चुकली." त्यांनी मोबाईल मला परत दिला आणि घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. "फोनवर काय सांगू न्हाई तिला. कवा हाय दिल्लीचं? म्या येतो."

मेंढ्या व्यायच्या दिवसांत हा माणूस बायकोच्या माहेरच्या लग्नालाही गेला नव्हता. कळप भावाच्या हवाली करून तो माझ्याबरोबर दिल्लीच्या गाडीत बसला. तांबडा फेटा, घोंगडी, काठी. स्टेडियमच्या गेटावर शिपायानं काठी आत नेऊ दिली नाही. मोठा वाद झाला. आण्णा म्हणत होते, ही काय मारामारीची काठी न्हवं, ही माझी हाय. शिपायाला मराठी येत नव्हती आणि आण्णांना हिंदी. शेवटी काठी गेटावरच्या खोलीत ठेवली, आणि आण्णांनी त्या शिपायाला तीनदा बजावलं, पडू दिऊ नगंस.

काजलला मी सकाळीच सांगितलं, आण्णा आलेत. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "कशाला आणलं, काका? त्येंच्या डोळ्यांदेखत परत अर्ध्यात..."

"त्येंनी सगळं बघितलंय मोबाईलवर. आता तू तुझं काम कर. रेघ कुठं हाय ठावं हाय न्हवं?"

तिनं बुटाचे पट्टे आवळले.

योगायोग बघा, पुन्हा ब्राँझचीच लढत. समोरची टीम ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला, आम्ही अलीकडं. मी थोईची सीट धरली. पुढं गेटात काजलची पाठ. ती पाठ मला वाचता आली नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आण्णा रेघेसमोरच्या कठड्याला दोन्ही हात धरून उभे होते. कुणीतरी त्यांना खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

टूं, टूं. गेट सुटलं. मी हात उघडला.

माझं काम तिथंच संपतं. पुढचं मी फक्त बघणारा. काजल पाण्यात शिरावी तशी वाऱ्यात शिरली, मान खाली, खांदे हलतायत, मागं थोई, मागं हरप्रीत. लांबच्या वळणावर आम्ही पुढं होतो. शेवटचं वळण उतरून ती सरळ रेघेकडं आली. रेघ आली. काजलनं कोपर हलवलं आणि सरळ वर. थोई तिच्या खालनं गोळीसारखी निघून गेली.

सगळं स्टेडियम आता खाली थोईकडं बघत होतं, कोचसाहेब ओरडत होते, समोरच्या टीमचे लोक ओरडत होते. मी आण्णांकडं बघितलं. ते खाली बघतच नव्हते. त्यांची मान वर, ट्रॅकच्या कडेनं काजल जिथं सैल पायानं फिरत होती तिकडं, ती जिकडं गेली तिकडं फिरत होती. सगळ्या स्टेडियममध्ये त्या पोरीकडं बघणारा तो एकच माणूस होता. आणि ती हेल्मेटखालनं, फिरता फिरता, त्यांच्याकडं बघत होती. त्या दिवशी एकदा मला तिचा चेहरा दिसला.

हरप्रीतनं जीव तोडला. थोडक्यात गेलं. परत चौथे.

मुली आत आल्या. थोईनं स्वतःची पाण्याची बाटली काजलच्या हातात दिली. कोचसाहेब माझ्याजवळनं जाताना म्हणाले, "उस्ताद, पहली यही रहेगी." मी म्हटलं, "जी साहब." 

आण्णा कठड्याशी आले. मेडलचं विचारलं नाही, नंबर विचारला नाही. "सुभेदार, येळंवर सरली न्हवं?"

"रेघंवर, आण्णा. अगदी येळंवर."

काजल हेल्मेट हातात घेऊन आली. खाली बघत म्हणाली, "आण्णा, मेडल गेलं."

"बघितलं म्या," ते म्हणाले, आणि कठड्यावरनं हात घालून तिच्या घामेजल्या डोक्यावर ठेवला. "लय ब्येस वाट दिलीस, बाय." त्यावर ती जी रडायला लागली, ती आशियाईपासनं साठवलेलं सगळं रडली.

तेवढ्यात आण्णांच्या कोपरीच्या खिशात फोन वाजला. गावाकडनं होता, पडद्यापुढनं. कोण होतं कळलं नाही, पण आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आण्णा, पोरगी परत एकाच फेरीत थांबली की ओ!"

आण्णांनी फोन तोंडापुढं, नैवेद्याच्या ताटासारखा धरला. "थांबली न्हाई रं, गड्या," ते म्हणाले, "तिची फेरी पुरी झाली." एवढं बोलून फोन कोपरीत टाकला, आणि शिपायाकडनं काठी मागायला गेटाकडं निघाले.